घरी बनवलेल्या रोटरीवर अक्षरं ताणली जातात, टोकं जुळत नाहीत: कुठे पाहायचं?

कळव्याहून एकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्याकडे १० वॅटचा डायोड लेझर आहे. जुन्या प्रिंटरचे दोन रबरी रोलर, एक लाकडी फळी आणि एक नेमा १७ (टप्प्याटप्प्याने फिरणारी स्टेपर) मोटर घेऊन त्यांनी घरीच रोटरी, म्हणजे गोल वस्तू लेझरखाली फिरवणारं जोडयंत्र, बनवली. संक्रांतीच्या वाणासाठी पावडर कोटिंगच्या स्टील बाटल्यांवर नावं टाकायची ऑर्डर आहे. वेगळ्या जाडीची बाटली आली की तिच्या व्यासाप्रमाणे ते मशीनमधला आकडा बदलतात. तरी अक्षरं कधी ताणली जातात, कधी दबतात, आणि बाटलीला वेढा घालणाऱ्या नक्षीची टोकं जुळत नाहीत. तयार रोटरी आठ-दहा हजारांना मिळते. ती घ्यावी की आहे तीच सुधारावी, हे त्यांना कळत नाहीये.

माझं उत्तर आधीच सांगते: आहे तीच सुधारा. माझं ठाण्यात वागळे इस्टेटला नेमप्लेट, ट्रॉफी आणि भेटवस्तूंवर कोरण्याचं छोटं युनिट आहे आणि बाटल्यांचं काम आम्ही आमच्याच बनवलेल्या रोटरीवर करतो. फळी, रोलर, मोटर जोडून बाटली गोल फिरवणं हे कोणालाही जमतं. अवघड आहे ते इतकंच, की मशीनने दहा मिलिमीटर म्हटलं की बाटलीचा पृष्ठभाग दहाच मिलिमीटर सरकला पाहिजे. रोटरी हे फिरवायचं यंत्र कमी आणि मोजायचं यंत्र जास्त आहे. कोणता रोलर, किती दातांची पुली, बाटलीत वजन घालायचं की नाही, हे सगळे निर्णय त्या एकाच कसोटीवर घ्यायचे.

तुमच्या वर्णनात मला दोन वेगळ्या गोष्टी एकमेकांत मिसळलेल्या दिसतात. पहिली हिशोबाची आहे आणि दुसरी घसरण्याची.

हिशोबाचं आधी बघू. रोटरी दोन प्रकारची असते. एकीत बाटली दोन रोलरवर नुसती ठेवलेली असते आणि रोलर तिला फिरवतो. दुसरीत लेथसारखा चक वस्तूला धरतो आणि मोटर चकला फिरवते. चकमध्ये वस्तू जितकी जाड, तितका तिचा पृष्ठभाग एका फेरीत जास्त सरकतो, म्हणून प्रत्येक वस्तूचा व्यास मशीनला सांगावाच लागतो. रोलरमध्ये तसं नाही. रोलरचा पृष्ठभाग जितका सरकला, तितकाच त्याला टेकलेल्या बाटलीचा पृष्ठभाग सरकतो, मग बाटली जाड असो की बारीक. तिथे हिशोबात फक्त रोलरचा व्यास येतो. तुमची रोटरी रोलरची आहे आणि तुम्ही हिशोब चकचा करताय. म्हणून बाटली बदलली की अक्षरांचा आकार बदलतो. आकडा एकदाच रोलरप्रमाणे बसवा आणि त्यानंतर त्याला हात लावू नका.

आता घसरण्याचं. प्रिंटरचे जुने रोलर मला या कामाला आवडत नाहीत. त्यांचं रबर वर्षानुवर्षं वापरून चकचकीत आणि कडक झालेलं असतं. बऱ्याच रोलरचा व्यास मध्ये एक आणि कडेला दुसरा असतो, कारण ते कागद ओढायला बनवलेले असतात, मोजायला नाही. त्यात रिकामी स्टील बाटली वजनाला हलकी. मोटरने झटका दिला की रोलर थोडा पुढे जातो आणि बाटली जागेवरच राहते. ताणणाऱ्या रबराच्या गजाने कापड मोजावं, तसं होतं ते.

रोटरी सुधारायच्या आधी एक विचारते: संक्रांतीला किती दिवस आहेत आणि नाव बाटलीवर कसं टाकायचंय? नाव जर बाटलीच्या लांबीत, म्हणजे बुडापासून तोंडाकडे जाणारं असेल आणि अक्षरांची उंची १५ मिलिमीटरपर्यंत असेल, तर या ऑर्डरपुरती रोटरी लागतच नाही. ७३ मिलिमीटर व्यासाच्या बाटलीवर १५ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात मध्य आणि कड यांच्या उंचीत जेमतेम ०.८ मिलिमीटरचा फरक पडतो. फोकस मधल्या उंचीवर, म्हणजे माथ्याच्या ०.४ मिलिमीटर खाली धरला, तर पावडर कोट दोन्हीकडे नीट निघतो. दोन लाकडी पट्ट्यांना इंग्रजी व्ही आकाराच्या खाचा पाडा, बाटली त्यात ठेवा, बुडाला एक ठोकळा लावा म्हणजे प्रत्येक बाटली त्याच जागी बसेल. वाणाच्या बाटल्यांचं आमचं बरंचसं काम असंच होतं आणि वेगाने होतं. रोटरीवर प्रत्येक बाटली बसवून समतल करण्यात जो वेळ जातो तो इथे वाचतो. नाव घेरातून जात असेल, नक्षी पूर्ण वेढा घालत असेल किंवा अक्षरं मोठी असतील, तर मात्र रोटरीच हवी.

दुसरं म्हणजे वस्तू कोणत्या येणार आहेत. सरळ, एकाच व्यासाच्या बाटल्या असतील तर रोलर उत्तम. निमुळते ग्लास, कान असलेले मग, लाकडी लाटणं, पेन यांना रोलर त्रास देतो, तिथे चक बरा. तांब्याच्या बाटल्यांची चौकशी येईलच, तर उघड्या तांब्यावर १० वॅटच्या डायोडने काही उमटेल अशी आशा ठेवू नका. ते फायबर लेझरचं काम आहे, ऑर्डर बाहेर करून घ्या. बिनरंगाच्या स्टीलवरही ठळक खुणेसाठी आधी मार्किंग स्प्रे मारावा लागतो. तुमचं खरं गिऱ्हाईक म्हणजे पावडर कोटिंग आणि लाकूड, आणि ते काम तुमच्या मशीनवर सुंदर होतं.

आता बांधणीकडे. रोलरसाठी २० मिलिमीटरचा नायलॉन रॉड घ्या आणि कोणत्याही लेथवाल्याकडून त्याला मधून ८ मिलिमीटरचा बोअर करून घ्या. वरून १ मिलिमीटर खोल खाचा पाडून घ्या आणि त्यात ३ मिलिमीटर जाडीच्या रबरी ओ-रिंग बसवा. बाहेरचा व्यास २४ मिलिमीटर होतो. टर्नरला एवढंच सांगायचं, की दोन्ही रोलर एकाच सेटिंगला काढा, मग त्यांचा व्यास सारखा येतो. वागळेला किंवा रबाळे, महापेच्या बाजूला असं किरकोळ काम करून देणारे पुष्कळ आहेत. रोलर ८ मिलिमीटरच्या शाफ्टवर आणि शाफ्ट ६०८ बेअरिंगमध्ये. ६०८ म्हणजे आतून ८, बाहेरून २२ आणि जाडीला ७ मिलिमीटर. स्केटिंगच्या चाकात असतं तेच, स्वस्त आणि कुठेही मिळणारं. बेअरिंग आणि शाफ्ट मी नागदेवी स्ट्रीटवरून आणते, मस्जिद स्टेशनला उतरलं की चालत जाता येतं. मोटर, बेल्ट, पुलीसाठी लॅमिंग्टन रोड.

दोन रोलरमधलं अंतर हा विषय लोक फार हलका घेतात. रोलर जवळ ठेवले तर बाटली वर डुगडुगते आणि पकडही कमी मिळते. दूर ठेवले तर बाटली दोघांत पाचर मारल्यासारखी खाली बसते, तिचा रोलरवरचा दाब वाढतो आणि पकड सुधारते. फार दूर नेलं तर ती अडकते. बाटलीच्या मध्यातून खाली काढलेल्या उभ्या रेषेशी प्रत्येक रोलर साधारण ४० अंशांवर यावा असं मी बघते. ७३ मिलिमीटरची बाटली आणि २४ चा रोलर असेल तर दोन शाफ्टच्या मध्यांतलं अंतर ६२ मिलिमीटरच्या आसपास येतं. एका शाफ्टचे ब्लॉक स्लॉटमध्ये सरकते ठेवा, म्हणजे वेगळ्या बाटल्यांना जुळवता येतं. मात्र सरकवल्यावर दोन्ही शाफ्ट समांतर आहेत का ते दोन्ही टोकांना मोजूनच पक्कं करायचं. शाफ्ट तिरके असतील तर बाटली फिरता फिरता कडेला चालायला लागते.

दोन्ही रोलर मोटरने फिरवावेत की एक, यावर मतं वेगळी आहेत. मी एकच फिरवते. दोन रोलरच्या व्यासात केसभर फरक असला तरी दोघं बाटलीला वेगवेगळं अंतर सरकवू पाहतात आणि कुठेतरी घसरण होतेच. एक चालवणारा, दुसरा मोकळा, म्हणजे माप एकाच ठिकाणाहून येतं.

मोटर थेट शाफ्टला जोडू नका. मोटरवर २० दातांची आणि रोलरच्या शाफ्टवर ६० दातांची जीटी२ (दातेरी बेल्टची) पुली लावा. मोटरच्या तीन फेऱ्यांत रोलरची एक फेरी. यामुळे जोर तिप्पट मिळतो आणि बारकावाही तिप्पट. ६० दातांच्या पुलीची त्रिज्या १९ मिलिमीटर आहे, ती तुमच्या रोलरपेक्षा मोठी आहे. म्हणून बेअरिंगच्या ब्लॉकखाली पट्टी देऊन शाफ्ट उचला, नाहीतर पुली फळीला घासेल, आणि पुली बाटलीच्या बुडाच्या पलीकडे राहील इतका शाफ्ट लांब ठेवा. पुलीचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) शाफ्टच्या चपट्या भागावरच आवळा. गोल शाफ्टवर आवळलेला स्क्रू तासाभरात सैल होतो आणि मग तुम्ही सॉफ्टवेअरमध्ये दोष शोधत बसता. शाफ्टला चपटा भाग नसेल तर कानशीने करून घ्या.

मोटर नेमा १७ च ठीक आहे. एका फेरीत २०० स्टेप. शिकाऊ किटमध्ये पाच व्होल्टची छोटी, निळ्या डबीची स्टेपर येते ती या कामाला चालत नाही, तिची वायरिंग वेगळी आणि ताकद अपुरी. वायरींच्या रंगावर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचा क्रम वेगळा असतो. मोटर कशालाही जोडलेली नसताना कोणत्याही दोन वायरी एकमेकींना टेकवून शाफ्ट बोटाने फिरवा. फिरवताना एकदम जड लागलं तर त्या दोन वायरी एका कॉइलच्या. उरलेल्या दोन दुसऱ्या कॉइलच्या. मल्टिमीटरही हेच सांगतो, पण बोटाला पटकन कळतं.

ही मोटर वाय मोटरच्या, म्हणजे लेझरला पुढे-मागे नेणाऱ्या मोटरच्या, जागी लागते. मशीन बंद करून, प्लग काढून, मगच प्लग बदला. चालू ड्रायव्हरवरून (मोटरला करंट देणारा भाग) मोटर उपटली की ड्रायव्हर जळू शकतो. काही नव्या मशीनच्या बोर्डवर रोटरीसाठी वेगळा सॉकेट दिलेला असतो, तो असेल तर हा खटाटोप नाही. तुमच्या मशीनला वायच्या दोन मोटरी असतील आणि दोन्ही एकाच ड्रायव्हरवर समांतर असतील, तर एक गोष्ट लक्षात घ्या: जो करंट दोघींत वाटला जात होता तो आता एकट्या रोटरीच्या मोटरला मिळतो. ती तापते. ड्रायव्हरवर करंटचा प्रीसेट असेल तर कमी करा, नसेल तर जास्त करंट झेलणारी मोटर घ्या. आणि वायच्या मोटरी सुटल्यावर वरचा गॅन्ट्री (लेझर वाहणारा आडवा दांडा) मोकळा होतो, एक्सच्या (डाव्या-उजव्या हालचालीच्या) धक्क्याने हळूहळू सरकतो. तो बाटलीच्या माथ्यावर आणून दोन्ही बाजूंना क्लॅम्पने पक्का करा. कित्येकांची "रोटरी बिघडली" म्हणून येणारी तक्रार प्रत्यक्षात या सुटलेल्या गॅन्ट्रीची असते.

बाटली रोटरीवर ठेवली की तिचा माथा बराच वर येतो. बहुतेक डायोड मशीनच्या फ्रेमखाली तेवढी जागा नसते, चारही पायांखाली ठोकळे द्यावे लागतात. ठोकळे एकाच फळीतून, एकाच मापाचे कापा. एक जरी कमी-जास्त झाला तरी फोकस एका टोकाला धरला जातो आणि दुसऱ्याला सुटतो.

आता आकडा. एका फेरीत २०० स्टेप, १६ मायक्रोस्टेप (ड्रायव्हर प्रत्येक स्टेपचे इतके भाग करतो), ३ पट पुली: २०० × १६ × ३ = ९,६००. रोलरचा परीघ २४ × ३.१४१६ = ७५.४ मिलिमीटर. भागाकार केला की १२७.३ स्टेप प्रति मिलिमीटर. जीआरबीएलमध्ये, म्हणजे मशीनच्या बोर्डवरच्या प्रोग्राममध्ये, हा आकडा $१०१ या सेटिंगमध्ये जातो. तिथला जुना आकडा (२० दातांची पुली असेल तर बहुधा ८०) कागदावर लिहून मशीनलाच चिकटवून ठेवा. रोटरी काढल्यावर तो परत भरला नाही तर सपाट कामात चौकोनाचा आयत होतो.

संगणकावर लेझरजीआरबीएल हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर $१०१ बदलणं हाच मार्ग. लाइटबर्न वापरत असाल तर $१०१ ला हात न लावता रोटरी सेटअपमध्ये जा, रोलर निवडा, एका फेरीचे मिलिमीटर १२० भरा (९,६०० भागिले $१०१ चा जुना आकडा, इथे ८०) आणि रोलरचा व्यास २४ द्या. सॉफ्टवेअर स्वतः वायचं माप बदलून पाठवतं. दोन्ही एकदम करायचं नाही. $१०१ ही बदलला आणि लाइटबर्नची रोटरीही चालू ठेवली, तर दुरुस्ती दोनदा होते आणि अक्षरं हमखास विस्कटतात. तुमच्याकडे हे झालंय का ते आधी बघा.

सोबत आणखी काही सेटिंग बदलावी लागतात. होमिंग (मशीनने सुरुवातीला शून्याची जागा शोधणं) बंद ($२२=०), कारण वाय आता लिमिट स्विचपर्यंत कधीच पोचणार नाही. सॉफ्ट लिमिट (प्रवासाची ठरवलेली हद्द) बंद ($२०=०). $१=२५५ ठेवा, म्हणजे फ्रेम बघून स्टार्ट दाबेपर्यंत मोटर बाटलीला धरून राहते. वायचा वेग आणि प्रवेग कमी करा. मी $१११ ला १,५०० आणि $१२१ ला १०० पासून सुरुवात करते आणि बाटली कितपत साथ देते ते बघून वाढवते. रुईडा कंट्रोलरच्या सीओ२ मशीनवर आकडे वेगळ्या नावांनी भरतात, विचार हाच.

आता या सगळ्यातली मुख्य चाचणी. ती केल्याशिवाय एकही बाटली जाळू नका. बाटलीभोवती कागदाची पट्टी घट्ट गुंडाळून जिथे मिळते तिथे खूण करा आणि पट्टी सरळ करून मोजा. व्हर्नियरने व्यास घेऊन परीघ काढण्यापेक्षा हे जास्त खरं येतं, कारण बाटल्या पूर्ण गोल नसतात. समजा परीघ २२९.३ आला. बाटलीवर मास्किंग टेपची उभी पट्टी लावून तिच्यावर पेनाने एक रेघ मारा आणि रोटरीवर त्या रेघेसमोर एक स्थिर काटा ठेवा, तारेचा तुकडाही चालेल. लेझर बंद ठेवून वायला तीन फेऱ्या, म्हणजे ६८८ मिलिमीटर पुढे जायला सांगा. रेघ काट्यासमोर परत आली का बघा. समजा ती ९ मिलिमीटर अलीकडे थांबली. म्हणजे बाटली ६८८ ऐवजी ६७९ च सरकली. आता लगेच आकडा बदलू नका. आधी तितकंच मागे जायला सांगा.

मागे आल्यावर रेघ बरोबर काट्यासमोर आली, आणि वेग निम्मा करून पुन्हा केल्यावरही फरक तितकाच निघाला, तर काहीही घसरत नाहीये. आकडा चुकला आहे. १२७.३ × ६८८ ÷ ६७९ केलं की १२९ येतं, तो भरा. याचा अर्थ इतकाच, की ओ-रिंग वजनाखाली दबून रोलरचा खरा व्यास २३.७ झाला आहे. लाइटबर्नमध्ये व्यास २४ चा २३.७ करा, काम झालं. पण रेघ परत जागेवर आली नाही, किंवा दर वेळी वेगळीकडे थांबली, किंवा वेग वाढवल्यावर फरक वाढला, तर घसरण आहे. तिथे कितीही आकडे बदलले तरी उपयोग नाही. माझ्या मते तुम्ही आजवर घसरणीची चूक आकड्यांनी भरून काढायचा प्रयत्न करताय, म्हणून एक बाटली जमते आणि पुढची बिघडते.

घसरण निघाली तर प्रवेग कमी करा, ओ-रिंग आणि बाटली आयसोप्रोपिलने पुसून तेलकटपणा घालवा, बाटलीत वजन घाला. वजनाला मी वाळूची घट्ट बांधलेली पिशवी वापरते आणि ती आत हलू नये म्हणून बाजूने कापड कोंबते. पाणी भरायचा सल्ला तुम्हाला मिळेल, पण ते आत हेलकावे खातं आणि बाटली थांबल्यावरही तिला ढकलतं. बेल्ट फार ताणलेला असला तर शाफ्ट जड फिरतो, सैल असला तर दात सोडतो. बोटाने दाबल्यावर थोडासा आत जाईल इतपत ठेवा.

कोरताना दिशा कोणती ठेवायची यानेही फार फरक पडतो. स्कॅनच्या रेषा बाटलीच्या लांबीत, म्हणजे एक्सवर चालू द्या. मग बाटली प्रत्येक रेषेनंतर जेमतेम ०.१ मिलिमीटर पुढे सरकते, एकाच दिशेने, झटका न बसता. बेल्टची ढिलाई असली तरी ती एकाच बाजूला दाबलेली राहते. किरण कायम बाटलीच्या माथ्यावर पडतो, म्हणून फोकसही हलत नाही. याउलट अक्षरांच्या कडा रेघेने काढायला लावल्या तर बाटली प्रत्येक वळणावर पुढे-मागे होते आणि घसरायला संधी मिळते. रोलरवर शक्यतो भरीव स्कॅनच करावा, कडा काढायचा मोह टाळावा.

देवनागरीत काम करणाऱ्यांना इथे एक फायदाही आहे आणि एक त्रासही. नाव घेरातून जात असेल तर शिरोरेखा बाटलीभोवती फिरते आणि ती शेकडो बारीक स्कॅन रेषांच्या टोकांनी बनलेली असते. बाटली कडेला चालत असेल तर शिरोरेखा जिन्यासारखी चढत जाते. कुठे घसरली असेल तर तिच्यात केसभर फट किंवा जळकी जाड रेघ दिसते. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांत हे खपून जातं, शिरोरेखेत खपत नाही. म्हणून मी नवीन जुळणी तपासताना मास्किंग टेप लावून त्यावर कमी पॉवरने "ममममम" असं बाटलीभर कोरते. भिंगातून शिरोरेखा बघितली की रोटरीत काय चाललंय ते कळतं. जिन्यासारखी चढत असेल तर शाफ्ट समांतर करा, बाटली स्पिरिट लेव्हलने समतल करा आणि बुडाशी एक बेअरिंग टेकवून तिला कडेला जायचा रस्ताच बंद करा. ठरावीक अंतरावर पुन्हा पुन्हा फट येत असेल तर ते अंतर मोजा. ते रोलरच्या परिघाइतकं, ७५ मिलिमीटरच्या जवळपास, असेल तर रोलर किंवा शाफ्ट वाकडा आहे.

पूर्ण वेढ्याच्या नक्षीत टोकं अगदी शून्यावर जुळतील असा हट्ट धरू नका. परिघात बाटलीगणिक थोडा फरक असतोच. सांधा बाटलीच्या मागच्या बाजूला येईल असं डिझाइन करा आणि तिथे वेल किंवा ठिपके ठेवा, भरीव पट्टा ठेवू नका.

लाटण्यांची कामं आली, आणि लग्नसराईत ती येतात, तर चकचा विचार करा. छोटा तीन जबड्यांचा चक, मागून टेकू द्यायला ६०८ बेअरिंगचा टेल स्टॉक, मधे तीच २०-६० ची जोडी. चकमध्ये ही तीन पट पुली जास्तच महत्त्वाची आहे. ७३ मिलिमीटरच्या वस्तूवर थेट मोटरने एक मायक्रोस्टेप ०.०७ मिलिमीटरचा पडतो, आणि ०.१ च्या रेषा त्यात नीट बसत नाहीत, पट्टे दिसतात. पुलीने तोच ०.०२४ होतो. लाटणं मधे फुगलेलं असतं, तेव्हा व्यास नाव जिथे येणार तिथला घ्यायचा. निमुळता ग्लास असेल तर चक एका बाजूने उचलून ग्लासची वरची कड आडवी करायची.

सुरक्षेबद्दल, कारण तुम्ही घरात काम करताय. सपाट स्टीलवरून परतलेला किरण निदान एका दिशेला जातो, बाटलीच्या गोलाईवरून तो पंख्यासारखा पसरतो. चष्मा ४५० नॅनोमीटरसाठीचा हवा, खोलीत जे कोणी आहे त्या प्रत्येकाला, आणि मुलं खोलीबाहेर. ठोकळे देऊन मशीन उचलल्यावर कंपनीने दिलेलं झाकण खाली उघडं पडतं, ती फट काळ्या प्लायने बंद करा. पावडर कोटचा धूर खिडकीबाहेर काढायला एक्झॉस्ट लागतोच. आणि रेक्झिन गुंडाळलेली बाटली आली तर नाही म्हणा. ते बहुधा पीव्हीसी असतं, जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडतं, फुप्फुसांना घातक आणि मशीनच्या लोखंडाला गंज चढवणारं.

तर आज रात्री नवीन काही विकत न घेता एवढं करा: $१०१ चा सध्याचा आकडा, पुलीचे दात आणि रोलरचा व्यास लिहा, लाइटबर्नची रोटरी चालू आहे का बघा आणि तीन फेऱ्यांची चाचणी आहे त्याच रोलरवर घ्या. पुढे जाताना रेघ किती अलीकडे थांबली आणि परत आणल्यावर कुठे आली, हे दोन आकडे मला इथेच कळवा. रोलर बदलायचे की नुसता हिशोब, ते त्यावरून सांगते.